सतरा ठोकळे

आमच्या घरात वाईट बातमी माणसाच्या तोंडात घास असतानाच येते, असा माझा पन्नास वर्षांचा अनुभव आहे. वडील गेले तेव्हा मी एका लग्नात तिसऱ्यांदा जिलेबी मागून घेत होतो, आणि ते अजून लोक मला ऐकवतात. सहा आठवड्यांपूर्वी नांदेडच्या घरी सकाळी सुशीला खात बसलो होतो. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, वर दाण्याचा कूट, लिंबू पिळलेली. अक्काच्या हातच्यासारखी व्हावी म्हणून माझी बायको पंचवीस वर्षं झटते आहे, आणि मी पंचवीस वर्षं 'जवळ आलीय' असं म्हणतो आहे. तेवढ्यात लातूरहून किशोरचा फोन आला. किशोर म्हणजे अक्काचा मुलगा, माझा भाचा. "मामा, आई गेली," एवढं बोलून तो थांबला. मला वाटलं, रडत असेल. तो रडत नव्हता. जरा वेळानं हळू आवाजात म्हणाला, "मनोरा उभाच हाय, मामा. मी आधी तेच बघितलं."

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर दुःखानं पोराचं डोकं फिरलं असं म्हटलं असतं. मला मात्र लगेच कळलं. मी हातातली बशी टेबलावर ठेवायला गेलो ती नेमकी कडेवर ठेवली, आणि चुरमुरे घरभर झाले. त्या मनोऱ्याबाबत एक गोष्ट मी अक्कापासून चौदा वर्षं लपवून ठेवली होती. शेवटच्या भेटीत तीच गोष्ट तिनं माझ्यापुढं काढली. तेव्हापासून मला जेवण जात नाही, असं लिहिलं तर घरचे हसतील, कारण जेवण जातंय. पण जेवताना नजर कोपऱ्याकडे जाते, आणि कोपऱ्यात सगळं जागच्या जागी आहे ना हे बघून मगच घास उतरतो.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचं सासर औशाच्या पलीकडं, भूकंपात जी गावं गेली त्यांतलं एक. माळवदाचं घर, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची माती. भूकंप झाला तेव्हा किशोर आठ महिन्यांचा होता. त्या पहाटे तो रडायचा थांबेना, म्हणून अक्का त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होती. आत दाजी आणि अक्काच्या सासूबाई होत्या. त्या दोघांबद्दल पुढं आमच्या घरात फारसं बोललं गेलं नाही. बोलायची गरज पडली नाही असंही म्हणता येईल, ते का ते पुढं येईलच.

अक्का किशोरला घेऊन लातूरला आमच्या वडिलांच्या दोन खोल्यांत राहायला आली. मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे कॉलेजच्या आवारात होतो. त्या दिवसांत सगळं लातूर अंगणात झोपायचं आणि घरोघरी तांब्यावर तांब्या, त्यावर वाटी, वाटीवर चमचा अशी रचना करून ठेवलेली असायची. जमीन जराशी हलली की चमचा वाजणार आणि माणसं बाहेर पळणार. आमच्या आईनंही अशी चळत रचली होती. एकदा मांजरानं ती पाडली, तर आख्खी गल्ली रस्त्यावर आली, आणि मांजर दूध पिऊन निवांत बाहेर आलं. वर्ष-दीड वर्षात लोकांनी आपापले तांबे परत वापरायला घेतले. अक्कानं घेतले नाहीत.

आमच्या शेजारी रशीदमामू सुतार राहायचे. पडलेल्या गावांतलं लाकूड त्या काळात ट्रकच्या ट्रक भरून लातूरला यायचं, आणि मामू त्यातल्या तुळया घेऊन दारंखिडक्या करायचे. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी किशोरसाठी खेळायला ठोकळे करून दिले. पोरगं दोन वर्षांचं, घरात ना बाप ना खेळणं. मामूंनी सतरा ठोकळे कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि फडक्यात बांधून आणून दिले. लहानमोठे, काही चौकोनी, काही लांबट. एकाच्या मधोमध आरपार भोक होतं, आतून काळं झालेलं. अक्कानं तो ठोकळा हातात घेतला, भोकात बोट घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"मामू, हितं आमच्या पाळण्याची कडी होती," ती म्हणाली.

मामू चपापले. "बेटी, हजार घरांचं लाकूड आलंय. कोणतं कोणाचं, मला काय मालूम. सगळ्या तुळयांना कड्या असतातच की."

"हाव," अक्का म्हणाली. पण बोट काढलं नाही.

मामू म्हणाले, नको असतील तर नेतो परत. अक्का म्हणाली, राहू द्या. किशोर त्या ठोकळ्यांशी जेमतेम आठवडाभर खेळला असेल. मग एक दिवस मी घरी आलो तर खोलीच्या कोपऱ्यात तिवईवर सतराच्या सतरा ठोकळे एकावर एक रचलेले, खाली रुंद, वर निमुळते, आणि अगदी टोकाला तो भोकाचा. हाताशी आलेलं खेळणं आईनंच पळवलं म्हणून किशोर भोकाड पसरून बसलेला. मी त्याला बाजारातून प्लास्टिकचे एकमेकांत अडकणारे ठोकळे आणून दिले. ते अक्काला अजिबात पटले नाहीत. "हे पडत न्हाईत," ती म्हणाली, "काय कामाचे?"

पुढं लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. रेणापूर, चाकूर, शिरूर अनंतपाळ, पार नांदेड-परभणीकडून पोरं यायला लागली. ज्याच्या घरात एक खोली रिकामी त्यानं ती भाड्यानं दिली, आणि ज्याच्या बायकोला भाकरी येत होत्या तिनं मेस काढली. अक्काच्या हाताला तर चव होती. तिनं वडिलांच्या मागं त्याच दोन खोल्यांत मेस सुरू केली. सकाळी सुशीला नाहीतर धपाटे, दुपारी भाकरी, भाजून दळलेल्या येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, गुरुवारी अंबाडीची भाजी. पोरं भौतिकशास्त्राची सूत्रं पुटपुटत जेवायची आणि आमटी शर्टावर सांडायची. मी तोवर नांदेडला सरकारी कचेरीत चिकटलो होतो. महिन्यातून एकदा लातूरला जायचो, बहिणीला मदत करायला असं सांगून, आणि चार दिवस पोरांच्या पंगतीत बसून जेवून परत यायचो.

मनोरा पंगतीच्या खोलीत कोपऱ्यात होता. वर्षातून पाच-सात वेळा तो पडायचा. ट्रक गेला, कुणी दार आपटलं, कधी काहीच झालं नाही तरी पडायचा. पडला की अक्का तव्यावरची भाकरी तव्यावर सोडायची आणि एकच वाक्य बोलायची, "चला बाहेर." आरडाओरड नाही, घाई नाही. वीस पोरं हातात ताट घेऊन मागच्या अंगणात लिंबाखाली जाऊन उभी राहायची. नवीन पोरं हसायची, जुनी त्यांना गप्प करायची. मग अक्का बोटानं डोकी मोजायची. एकेकाकडे बोट करत, शेवटी स्वतःच्या छातीवर बोट टेकवत. आणि तिथं थांबायची नाही. बोट पुढं लिंबाच्या खोडाकडं जायचं, आणखी दोनदा हलायचं, आणि मग आकडा यायचा. वीस पोरं आणि ती, असे एकवीस असतील तर अक्काचे तेवीस भरायचे. मी असलो तर चोवीस. "हायेत सगळे," म्हणायची, आणि पदरानं तोंड पुसून आत जायची.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हुशारी दाखवायला गेलो. "अक्का, दोन जास्त धरलेस तू." अंगणातली सगळी पोरं एकदम माझ्याकडं बघायला लागली, देवळात चप्पल घालून आलेल्याकडं बघावं तशी. चाकूरचा एक दाढी फुटू लागलेला पोरगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, मावशीची मोजणी बरोबर असती. तुमी नका बोलू." पुढं माझ्या ध्यानात आलं, भाकऱ्याही दोन माणसांच्या जास्त व्हायच्या. त्या संपायच्या. कोण खायचं ते मी विचारलं नाही. मीच खात असेन, असं मी मनाशी ठरवून टाकलं, आणि माझं शरीर बघता ते सहज पटण्यासारखं होतं.

किशोर बारावीला आला त्या वर्षी मनोरा जरा जास्तच पडायला लागला. शेजारी तीन मजली क्लासचं बांधकाम चालू होतं, दिवसभर धडधड. आठवड्यातून तीनदा पंगत अंगणात. एका पोराचे वडील येऊन बोलून गेले, की आम्ही पोराला डॉक्टर करायला धाडलंय, कवायत करायला न्हाई. चार पोरांनी मेस सोडली. अक्का रात्री झोपत नव्हती, किशोरचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. त्या महिन्यात मी लातूरला गेलो तेव्हा अक्का माझ्यापुढं ताट ठेवताना वाळून काटकी झालेली दिसली. तिला समजावून काही उपयोग नव्हता. माझ्या डोक्यात एक युक्ती आली. माझ्या डोक्यात युक्ती आली की घरचे लोक अजूनही मौल्यवान वस्तू आत ठेवतात, पण त्या दिवशी अक्का भाजी आणायला गंजगोलाईत गेली होती आणि अडवायला कुणी नव्हतं.

मी रशीदमामूंकडं जाऊन थोडा सरस मागितला. सुतारांचा तो तापवून लावायचा सरस, वाळला की दगड. मामूंनी विचारलं, "कशाला पायजे?" मी म्हणालो, खुर्चीचा पाय निखळलाय. मामूंनी डबा माझ्या हातात दिला, पण दोन क्षण सोडला नाही. "तुमच्या घरात खुर्ची कवा आली?" म्हणाले. मी हसून वेळ मारून नेली. मग घरी येऊन एकेक ठोकळा उतरवला, सरस लावला, परत होता तसा बसवला. अगदी वरचा भोकाचा ठोकळा बसवताना उगीचच भोकातून पलीकडं बघावंसं वाटलं. बघितलं तर पलीकडची भिंत दिसायला हवी होती. मला काहीच दिसलं नाही, नुसता काळोख. दुपारचे तीन वाजले होते. सरस आत गेला असेल म्हणून मी तो पुसला आणि पुन्हा बघायचं मात्र टाळलं.

त्यानंतर मनोरा पडला नाही. बांधकाम चालू होतं, ट्रक जात होते, पोरं दारं आपटत होती, आणि मनोरा तसाच. महिन्याभरात अक्का शांत झाली. मेस पुन्हा भरली. किशोर बारावीला बरा निघाला, डॉक्टर झाला नाही, पण त्याच शेजारच्या तीन मजली इमारतीत भौतिकशास्त्र शिकवायला लागला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, मिनी. या सगळ्याचं श्रेय मनातल्या मनात मी स्वतःला घेत आलो. बायकोलाही सांगितलं नाही. चौदा वर्षं मी लातूरला गेलो की मनोऱ्याकडं बघायचो आणि आपण आयुष्यात एक तरी काम नीट केलं असं वाटायचं. फक्त एक गोष्ट खुपायची. मनोरा पडत नव्हता म्हणून कुणी अंगणात जात नव्हतं, आणि अंगणात जात नव्हतं म्हणून अक्का मोजत नव्हती. तिला आता मोजायची जागाच उरली नव्हती. भाकऱ्याही मोजक्या व्हायला लागल्या होत्या.

शेवटचं भेटलो ते ती जायच्या दहा दिवस आधी. अक्का अंथरुणाला खिळली होती. मेस बंद होऊन वर्ष झालं होतं आणि तिची खाट पंगतीच्या खोलीतच, मनोऱ्यासमोर टाकलेली. दुपारची वेळ. किशोर क्लासला, त्याची बायको स्वाती स्वयंपाकघरात. मिनी खाटेखाली काहीतरी मांडून बसलेली. अक्का म्हणाली, "सुध्या, तो वरचा ठोकळा काढून दे मला."

मी म्हणालो, "राहू दे की अक्का. पडेल सगळा."

"पडू दे. दे."

मी उठलो. ओढल्यासारखं करायचं, निघत नाही म्हणायचं, काहीतरी फुगला असेल लाकूड म्हणायचं, असं ठरवून हात लावला. आणि ठोकळा अलगद माझ्या हातात आला. मी दुसरा उचलला, तोही सुटा. तिसराही. सरसाचा मागमूस नाही. मी वरचा ठोकळा तिच्या हातात दिला.

"पंधरा दिसांत कळलं मला," ती म्हणाली. "पुसायला घेतला तर खालपासून वरपर्यंत एकच. मामूंना विचारलं, तर मामू म्हणले, बेटी, सरसाला उकळतं पाणी लावायचं, सुटतो. वरणाच्या पातेल्यात उकळले सगळे."

"आणि वरण?"

"पातेलं घासलं की. तुला खाण्याचंच सुचतंय." ती हसली. मग भोकात बोट घातलं, तीस वर्षांपूर्वी घातलं होतं तसं.

"मग इतकी वर्षं हा सुटाच हाय?"

"हाव. पण पडला न्हाई. रोज वाट बघून राहिले मी. दार आपटलं, पाट आपटला. एकदा तर तिवईला लाथ मारली." तिनं भोकातलं बोट फिरवलं. "एकदा तोंड बंद केलं की परत बोलत न्हाई बघ, सुध्या. मला ठाव होतं ते. मीच केलंय आधी."

मग तिनं सांगितलं. इतक्या वर्षांत कुणालाच न सांगितलेलं. भूकंपाच्या आदल्या दिवशी, दुपारी, सासरच्या घरातली मडक्यांची उतरंड आपोआप वाजत होती. नुसती किणकिण, मग थांबायची, मग परत. सासूबाई पडून होत्या, त्यांना ताप होता. त्या म्हणाल्या, काय वाजून राहिलंय गं सारखं, डोकं उठलं. तेव्हा अक्कानं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि प्रत्येक मडक्याच्या मध्ये एकेक नीट दाबून बसवली. वाजायचं थांबलं. सासूबाईंना झोप लागली. दाजी रानातून आले, जेवले, म्हणाले, आज घर कसं शांत वाटतंय.

"उतरंड सांगत होती," अक्का म्हणाली. "मी तिच्या तोंडात चिंध्या कोंबल्या."

मी म्हणालो, "अक्का, मला ठाव असतं तर..."

"तू चांगल्या मनानं केलंस," ती म्हणाली. "मी पण चांगल्या मनानंच केलं होतं." मग ठोकळा माझ्याकडं दिला. "रच परत. आन्‌ आता जेव. स्वातीनं येसराची आमटी केलीय, माझ्यापेक्षा बरी करती."

मी सतरा ठोकळे परत रचले. मिनी खाटेखालून बाहेर येऊन बघत होती. मी जेवलो. आमटी खरंच बरी होती. नांदेडला परत येताना गाडीत मला सारखं वाटत होतं की कुणा दोन माणसांना मी घराबाहेर उभं करून दार लावून घेतलं, आणि त्याला चौदा वर्षं झाली.

अक्काचं सगळं आटोपल्यावर महिन्याभरानं किशोर, स्वाती आणि मिनी नांदेडला आमच्याकडं आली. किशोरनं फडक्यात बांधलेले ठोकळे आणले होते. "आईनं तुमाला द्यायला सांगितलं होतं," म्हणाला. मी ते जेवणाच्या खोलीत कोपऱ्यात तिवईवर रचले. बायकोनं विचारलं, "आता हे काय नवीन?" मी म्हणालो, "जुनंच आहे." साडेतीन वर्षांची मिनी शेजारी उभी राहून एकेक ठोकळा माझ्या हातात देत होती, आणि भोकाचा तिनं सगळ्यात शेवटी दिला, न सांगता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. बायकोनं अंबाडीची भाजी केली होती. बाहेर रस्ता रिकामा, ट्रक नाही, वारा नाही, पंखासुद्धा वीज गेल्यामुळं बंद. मी भाकरीचा तुकडा मोडला, आणि मनोरा पडला. आधी वरचा ठोकळा गेला, मग सगळे, एकेक करत, घाई नसल्यासारखे.

किशोरनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. तो भौतिकशास्त्र शिकवतो. कारणं सांगणं हा त्याचा धंदा आहे. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. बायको म्हणाली, "अहो, तुम्हीच वाकडा रचला असणार, तुमचं कुठलं काम सरळ असतं." तिचं बरोबर असेल. मी ताट उचललं आणि म्हणालो, "चला बाहेर." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. मागून किशोर आला, ताट घेऊन. मग स्वाती. मग बायको, हातात भाजीचा डाव, तोंडानं पुटपुटत. शेवटी मिनी.

काही झालं नाही. जमीन हलली नाही, भांडं वाजलं नाही. हल्ली आमच्याकडं अधूनमधून बारीकसे हादरे बसतात म्हणतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तीन पेपर विकत घेऊन चाळले. त्यातही काही नव्हतं. पण त्या वेळी आम्ही उन्हात ताटं धरून उभे होतो आणि आत जायला कुणीच पाऊल उचलत नव्हतं. तेव्हा मिनीनं मोजायला सुरुवात केली. आजीनं शिकवलेलं असणार. बोट माझ्याकडं, एक. माझ्या बायकोकडं, दोन. बापाकडं, आईकडं. मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, पाच. आणि थांबली नाही. बोट नळाकडच्या भिंतीकडं गेलं, तिथल्या रिकाम्या जागेकडं.

"सहा," ती म्हणाली. "सात."

स्वातीनं तोंडाला पदर लावला. किशोर खाली बघत होता. मी मात्र मिनीच्या बोटाकडं बघत राहिलो, कारण ते अजून खाली आलं नव्हतं. ते थोडं अलीकडं सरकलं, त्या दोघांच्या आणि आमच्या मध्ये.

"आठ," मिनी म्हणाली. "हायेत सगळे."

मग ती आत गेली आणि ठोकळे गोळा करायला लागली. मी अंगणात तसाच उभा होतो. बायकोनं मला हाक मारली, भाकरी गार होतेय म्हणाली. मी म्हणालो, आलो. आणि जरा थांबून तिला म्हणालो, तीन माणसांच्या जास्त टाक.